फाटकाबाहेरचा वेळ

त्या वसाहतीत सकाळी आधी हॉर्न वाजायचे आणि मग दूधवाल्याची बेल. बंदराकडे जाणारा रस्ता वसाहतीच्या दारावरूनच जात होता आणि त्या रस्त्यावर कंटेनर लादलेल्या ट्रेलरची रांग उजाडायच्या आधीच लागलेली असायची. शाळेची बस अडकायची, दुकानदाराचा माल अडकायचा. कामावर निघालेली माणसं पायरीवर उभी राहून हातवारे करायची आणि तोंडाने जे म्हणायची ते इथे लिहिण्यासारखं नाही. "या ट्रकवाल्यांना काही पाचपोच आहे की नाही?" असं वसाहतीतल्या एक काकू रोज विचारायच्या. रोज विचारून विचारून त्यांना उत्तराची अपेक्षाही उरली नव्हती.

गंमत अशी की उत्तर त्यांच्या भिंतीपलीकडेच चहा पीत बसलेलं असायचं. शेजारच्या घरात दादा, वहिनी आणि दादाची धाकटी बहीण अशी तिघं राहायची. दादा ट्रेलर चालवायचा, म्हणजे त्या रांगेत उभा राहायचा. आणि बहीण ती रांग लावायची.

मुद्दाम नव्हे हो! ती बंदरात नियोजन अधिकारी होती. कोणतं जहाज कुठल्या धक्क्याला लागणार, कोणती क्रेन त्याला द्यायची, उतरवलेला डबा यार्डात कुठल्या थप्पीवर ठेवायचा आणि बाहेरचा ट्रेलर आत कधी घ्यायचा, हे सगळं तिच्या टेबलावरून ठरायचं. (बंदरातली माणसं कंटेनरला डबाच म्हणतात, मग तो घराएवढा का असेना.) कामात ती इतकी काटेकोर होती की ऑफिसात तिला सगळे घड्याळबाई म्हणायचे. घरात ती ठमी होती. आईवडील गेल्यावर दादाने ट्रेलर चालवून तिला शिकवलं होतं, त्यामुळे ठमी म्हणायचा हक्क त्याचाच होता आणि तो त्याने कधी सोडला नाही.

नोकरी लागली त्या दिवशीच ठमीने भावाला बजावलं होतं, "हे बघ दादा, रांगेतून मला फोन करायचा नाही. आज तुला आत घेतलं की उद्या सगळे म्हणतील, बाईने भावाची सोय लावली."

"नाही करणार," दादा म्हणाला. त्याला उलट अभिमानच वाटला. आमची ठमी सख्ख्या भावालाही रांग मोडून आत घेत नाही, असं तो इतर ड्रायव्हरांना सांगत सुटायचा. त्यांना त्याचं फार कौतुक वाटत असेल असं नाही.

आता जरा मागचं सांगायला हवं. पूर्वी ही रांग रस्त्यावर नसायची. फाटकाच्या आत एक मोठं मैदान होतं. कडेला पत्र्याची शेड, पाण्याचे नळ, संडास. ट्रेलर आला की मैदानात जाऊन उभा राहायचा आणि नंबर लागला की यार्डात शिरायचा. ट्रेलर किती वेळात काम करून बाहेर पडतो, याची मोजणी फाटकापासून सुरू व्हायची. सरासरी काही चांगली दिसत नव्हती. वरून साहेबांना बोलणी बसली. साहेबांनी ती खाली पाठवली, आणि खाली ठमी होती.

ठमीने डोकं लढवलं. क्रेन वाढवायची तर पैसे नाहीत, माणसं वाढवायची तर परवानगी नाही. मग तिच्या लक्षात आलं की ट्रेलर मैदानात थांबतात, तो वेळही आपल्याच खात्यावर पडतो. मैदान बंद केलं तर? ट्रेलर फाटकाबाहेर थांबतील. फाटक ओलांडलं की थेट यार्डात, आणि मोजणी तिथून सुरू. मोकळ्या झालेल्या मैदानात रिकामे डबे रचता येतील, यार्डातली गर्दीही कमी होईल. एका दगडात दोन पक्षी!

आणि खरोखर, महिन्याभरात सरासरी निम्म्यावर आली. क्रेन तेवढ्याच, माणसं तेवढीच, तरी काम दुप्पट वेगात! साहेबांनी पाठ थोपटली, ठमीला बढती मिळाली. आपलं अंगण झाडून केर शेजाऱ्याच्या दारात लोटायची विद्या आपल्याकडे कुणाला शिकवावी लागत नाही. ठमीला तर त्यात केरही दिसला नाही. तिला नुसतं स्वच्छ अंगण दिसलं.

दादाने एकदा जेवताना विचारलं होतं, "अगं ठमे, आतलं मैदान का बंद केलं गं? निदान उतरून पाय तरी मोकळे करता यायचे."

"कार्यक्षमता वाढवायला, दादा," ती म्हणाली.

"असं होय," दादा म्हणाला आणि त्याने भात वाढून घेतला. एवढा मोठा शब्द आल्यावर पुढे काय बोलणार?

रांगेचा एक अलिखित नियम होता. ट्रेलर सोडून खाली उतरायचं नाही. रांग कधी हलेल याचा नेम नसे आणि हलली की जो ट्रेलर जागचा हलला नाही त्याला मागचे ट्रेलर बाजूने ओलांडून जात. मग अख्खा दिवस वाया. म्हणून ड्रायव्हर उतरत नसत. उतरायचं नाही म्हणजे लघवीला जायचं नाही, आणि लघवीला जायचं नाही म्हणजे पाणी प्यायचं नाही. इतका साधा हिशेब होता तो. वहिनी रोज सकाळी पाण्याची मोठी बाटली भरून द्यायची आणि संध्याकाळी ती भरलेलीच परत यायची.

त्याचा परिणाम व्हायचा तोच झाला. दादाची कंबर दुखू लागली. रस्त्याच्या वळणावर एका डॉक्टरीणबाईंचा लहानसा दवाखाना होता, तिथे तो गेला. बाईंनी तपासण्या करायला लावल्या आणि वहिनीला समोर बसवून सांगितलं, "यांची एक किडनी आधीपासूनच अशक्त आहे. खडा आहे तो चांगल्या किडनीत. भरपूर पाणी हवं, लघवी कोंडायची नाही. आणि ताप आला तर एक मिनिट घरी थांबायचं नाही. नाहीतर ही किडनीसुद्धा जाईल, आणि मग मशीनवर जगावं लागेल."

वहिनी त्या दिवसापासून हात धुऊन त्याच्या मागे लागली. "अहो, पाणी प्या." "पितो." "आज किती प्यालात?" "अगं, प्यालो म्हणतोय ना!" ठमीही रागवायची, "दादा, लहान आहेस का तू?" पण पाणी पिऊन तो उतरणार कुठे, हे दोघींपैकी कुणी विचारलं नाही. वहिनीला ते ठाऊक नव्हतं. ठमीला ठाऊक असायला हवं होतं.

मग तो दिवस आला. उत्कृष्ट बंदराची निवड करणारी समिती पाहणीला येणार होती. आणि नेमकी त्याच सकाळी, वादळाने अडकलेली दोन जहाजं एकदम धक्क्याला लागली. यार्डात डब्यांवर डबे चढले, मधले रस्ते तुंबले. साहेब घामाघूम होऊन नियंत्रण कक्षात आले.

"पाहुणे जाईपर्यंत आत एकही ट्रेलर ताटकळलेला दिसता कामा नये," ते म्हणाले.

"फाटक थोपवू?" ठमीने विचारलं.

"थोपव. बाहेरचं बाहेर राहू दे."

तिने फाटक थोपवलं. समोरच्या पडद्यावर कॅमेऱ्यातून रांग दिसत होती, पण फक्त वळणापर्यंत. वळणाच्या पलीकडे बंदराचा कॅमेरा नव्हता. जे आपलं नाही ते कशाला बघायचं?

दादा त्या वळणाच्या पलीकडे होता. सकाळी निघताना वहिनीने त्याच्या कपाळाला हात लावला होता. "अंग कोमट लागतंय तुमचं."

"उकाडा आहे. एवढी खेप टाकतो आणि दुपारी तुझ्याबरोबर दवाखान्यात येतो, बस?" तो म्हणाला होता.

फाटक बंदच होतं, पण उन्हं डोक्यावर आली तेव्हा पुढच्यांनी मधली अंतरं भरून काढली आणि रांग दोन ट्रेलरएवढी पुढे सरकली. दादाचा ट्रेलर हलला नाही. मागच्या ड्रायव्हरने हॉर्न मारला, शिव्या दिल्या, बाजूने काढायला म्हणून चाक वळवलं, आणि जाता जाता सहज वर पाहिलं. स्टिअरिंगवर डोकं टेकून दादा थरथर कापत होता. त्या माणसाने गाडी तिथेच सोडली आणि तो दवाखान्याकडे धावत सुटला.

ठमीचा फोन वाजला तेव्हा समिती जिना चढत होती.

"मी वळणावरच्या दवाखान्यातली डॉक्टर बोलतेय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमचे भाऊ तापाने फणफणलेत, शुद्ध हरपत चाललीय. लघवी पूर्ण थांबलीय. मोठ्या हॉस्पिटलात ताबडतोब न्यायला हवं. ॲम्ब्युलन्स बोलावली, पण ती रांगेमागे अडकलीय. बाजूने काढायला गेलेल्या ट्रेलरांनी उरलेला रस्ताही भरलाय. रस्ता मोकळा करा. तुम्हीच करू शकता ना?"

तीच करू शकत होती! निदान तिला तसं वाटलं. ती धावत साहेबांकडे गेली, पाहुण्यांसमोरून त्यांना बाजूला ओढलं आणि सगळं सांगितलं. साहेब काही दुष्ट नव्हते. त्यांचा चेहरा उतरला.

"अगं, उघड ना फाटक! पण घेशील कुठे त्यांना? यार्डातले रस्ते भरलेत. ट्रेलर आत शिरले की क्रेन अडकणार, मग ना आतले बाहेर निघतील ना बाहेरचे आत येतील."

"मैदानात घेऊ..." ठमी म्हणाली आणि मधेच थांबली.

मैदानात रिकाम्या डब्यांच्या थप्प्या होत्या, एकावर एक, खिडकीतून आकाश झाकतील एवढ्या. त्या हलवायच्या म्हटल्या तरी दिवस लागला असता. आणि हलवून ठेवायच्या कुठे? त्या तिनेच रचायला सांगितल्या होत्या. आता सगळ्या बंदराची सूत्रं तिच्या हाताशी होती, आणि त्या हातांना करता येण्यासारखं काहीही नव्हतं.

ती पायीच निघाली.

रोज स्कूटरवरून मधल्या गल्लीने येणाऱ्या ठमीने ही रांग पायी कधी पाहिलीच नव्हती. तापलेल्या पत्र्याचा वास, डिझेलचा धूर, चाकांच्या आडोशाला सांडलेली घाण. एक म्हातारा ड्रायव्हर सुजलेले पाय खिडकीबाहेर काढून बसला होता. तिच्या गळ्यातलं बंदराचं ओळखपत्र बघून त्याने हाक मारली, "ओ बाई, आत कोण बसलंय हो दार लावून? त्याला म्हणावं, घड्याळ कळतं का तुला?"

 घड्याळबाईंनी ओळखपत्र काढून मुठीत धरलं आणि त्या धावू लागल्या.

ती पोचली तेव्हा ड्रायव्हरांनी दादाला खाली घेतलं होतं. स्ट्रेचर शिरायला वाट नव्हती. दोन ट्रेलरमध्ये एक माणूस तिरका होऊन जेमतेम निघेल एवढीच फट होती. कुणीतरी ताडपत्री आणली, तिच्या चारी टोकांना माणसं लागली, आणि पुढचे-मागचे ड्रायव्हर पटापट खाली उतरले. जी माणसं लघवीला उतरत नव्हती, घोटभर पाण्याला उतरत नव्हती, ती उतरली! कुणी आरसे दुमडले, कुणी दारं लावून घेतली, कुणी ट्रेलर वीतभर मागे घेऊन वाट केली. पुढे जागा रिकामी झाली, पण एकानेही आपली गाडी त्या जागेत घुसवली नाही.

ठमी ताडपत्री धरायला पुढे झाली. "बाई, बाजूला व्हा," कुणीतरी म्हणालं. धरायला जागाच नव्हती. शेवटी तिने दादाच्या पडलेल्या चपला उचलल्या आणि त्या छातीशी धरून ती मागे मागे चालू लागली.

दादाने एकदा डोळे उघडले. "ठमे? तू कशाला आलीस? तुझे पाहुणे यायचे होते ना आज?"

तिला रडूही येईना.

ॲम्ब्युलन्सपर्यंत पोचायला फार वेळ लागला. नेमका किती, हे बंदराच्या कुठल्याच यंत्रात नोंदलं गेलं नाही. तो सगळा वेळ फाटकाबाहेरचा होता.

दादा वाचला. किडनी वाचली नाही. संध्याकाळी हॉस्पिटलच्या बाकावर वहिनी भिंतीला डोकं टेकून बसली होती. ठमीला वाटत होतं की हिने मला दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं. इतक्यात फोनवर साहेबांचा निरोप आला. भाऊ कसा आहे, काही लागलं तर कळव, असं आधी होतं. आणि खाली होतं: समिती खूश. आत एकही ट्रेलर ताटकळलेला दिसला नाही, असं खास नमूद केलंय. पहिला क्रमांक आपलाच.

डॉक्टरीणबाई दवाखाना बंद करून विचारपूस करायला आल्या होत्या. ठमी त्यांना म्हणाली, "मी कधी वशिला लावला नाही हो. सख्ख्या भावालाही रांगेतच ठेवलं. माझं चुकलं कुठे?"

"वशिला लावला नाहीत, चांगलंच केलंत," बाई म्हणाल्या. "पण रांग सगळ्यांना सारखी असली म्हणून ती बरोबर होते का? सगळ्यांना सारखंच तहानलेलं ठेवलंत, हा न्याय म्हणायचा?"

"आम्ही वेळ वाचवला होता. सरासरी निम्म्यावर आणली होती."

"वेळ वाचवला नाहीत, बाई. फाटकाबाहेर टाकलात. तुम्ही टाकलेला तास रोज माझ्या दवाखान्यात येऊन बसतो. कुणाच्या कमरेत असतो, कुणाच्या पायात, कुणाच्या लघवीत. मी औषध देते आणि त्याच रांगेत परत पाठवते. दुसरं काय करू? मला तुमचं फाटक उघडता येत नाही." बाई तिच्याशेजारी बाकावर टेकल्या. "आणि एक सांगू? तुम्ही एकट्याच नाही हो अशा. आमच्या मोठ्या हॉस्पिटलांतसुद्धा डॉक्टरांचा वेळ वाचावा म्हणून पेशंट अख्खा दिवस बाकावर बसतो. तो वेळ आम्ही तरी कुठे मोजतो?"

दुसऱ्या दिवशी दादा शुद्धीवर आला. मशीन, नळ्या, आठवड्यातून किती वेळा यावं लागणार, ट्रेलर आता विसरायचा, सगळं त्याला सांगून झालं.  मग तो ठमीकडे बघून अपराध्यासारखा म्हणाला, "मी फोन करायला हवा होता का गं?"

"नाही रे दादा!" ठमीचा बांध फुटला. "तू फोन न करता दार उघडं असायला हवं होतं!"

कामावर परतल्यावर ठमीने पहिली गोष्ट केली ती ही: वळणाच्या पलीकडे कॅमेरे बसवून घेतले आणि ट्रेलर रांगेत लागला की तिथपासून मोजणी सुरू केली. पहिल्याच आठवड्याचा आकडा बघून साहेब खुर्चीतून उठले.

"हे काय? आपण इतके वाईट आहोत?"

"आधीपासूनच होतो, साहेब. दिसत नव्हतो."

"अगं, हा आकडा वर गेला तर पहिला क्रमांक परत द्यावा लागेल!"

"देऊ या," ठमी म्हणाली.

साहेबांनी आकड्याकडे पाहिलं, मग पडद्यावरच्या वळणापलीकडच्या रांगेकडे. तिच्यात एक ड्रायव्हर दोन ट्रेलरच्या मधे आडोसा शोधत होता. साहेबांनी मान खाली घातली. "पाठव," ते म्हणाले.

एवढ्याने सगळं सुरळीत झालं, असं सांगायला मलाही आवडलं असतं. तसं झालं नाही. मैदानातले रिकामे डबे हलवायला जागा मिळेना. प्रत्येक ट्रेलरला वेळ ठरवून द्यावी, म्हणजे सगळे पहाटेच येऊन उभे राहणार नाहीत, हा ठमीचा प्रस्ताव वर जाऊन पडला आणि तिथेच राहिला. वरून पत्र मात्र लगेच आलं, तुमची कामगिरी अचानक का घसरली याचा खुलासा करा. ठमी खुलासे लिहिते, प्रस्ताव पुन्हा पाठवते. वळणावर पाण्याचा नळ आणि चार संडास तेवढे बांधून झाले. उतरलेल्या ड्रायव्हरची जागा जाणार नाही, अशी सोय फाटकावर केली.

दादा आता मशीनवर जायचे दिवस सोडले तर खिडकीत बसून असतो. परवा ठमी कामावरून आली तेव्हा शेजारच्या काकूही तिथेच होत्या. खाली हॉर्न वाजत होते.

"ठमे, रांग काही कमी झालेली दिसत नाही गं," दादा म्हणाला.

"नाही झाली अजून."

"मग एवढी धडपड केलीस त्याचा उपयोग काय झाला?" काकूंनी विचारलं. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, त्यांना खरंच कळत नव्हतं.

ठमी दादाशेजारी बसली. "काकू, आजवर आम्ही तिला ट्रकवाल्यांची रांग म्हणत होतो. आता आमच्या ऑफिसात तिला बंदराची रांग म्हणतात. आज एवढंच झालंय."

 दादा खिडकीतून खाली बघत पटल्यासारखी मान हलवत राहिला.

वाचकहो, आपलं घर असो, ऑफिस असो की सरकारी खिडकी, तुमच्या-माझ्या कामाचा झपाटा कधीकधी कुणीतरी बाहेर ताटकळतंय म्हणूनच शक्य होत असतो. तेव्हा आपण किती वेगाने काम केलं याचा हिशेब मांडायला बसाल, तर आधी उठून दार उघडा आणि बाहेर कोण उभं आहे ते बघा. त्याचा वेळ आपल्या हिशेबात धरा. रांग लगेच संपेल असं नाही, पण ती आपली आहे हे कबूल केल्याशिवाय ती कधीच संपणार नाही. आणि तोवर रोज कुणाचा तरी दादा तहानलेला बसून राहील.